काडीचं माहेरपण

रेल्वे कॉलनी, दौंड
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आबा,

सा. न. वि. वि. यातला साष्टांग खरोखरचा आहे, कॉटखाली डोकं घालून घातलेला, कारण जिच्याबद्दल सांगायचंय ती तिथंच जाऊन बसलीय.

तर मी काय सांगत होते, ती कुत्री आपण पाळलेली नाही, फक्त ठेवून घेतलीय. हेच मी काल फोनवर तुम्हाला ओरडून ओरडून सांगत होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या सोपानकाकांना ऐकू गेलं, त्यांनी खिडकीतून अभिनंदन पण केलं. तुम्ही मात्र बरं बरं, अभ्यास कर म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. म्हणून हे पत्र. तुमच्या कानांपेक्षा तुमच्या चष्म्यावर माझा जास्त भरवसा आहे. रागवू नका.

आउटरला, जिथं मालगाड्या सिग्नलची वाट बघत थांबून राहतात, तिथं रुळांच्या पलीकडं एक चहा-भज्यांची टपरी होती. ती बंद पडली, मालक गाव सोडून गेला आणि जाताना हिला मागच्या खांबाला वायरनं बांधलेली तशीच विसरला. (विसरला, असं मी सभ्य भाषेत लिहितेय. आई त्याला जे म्हणाली ते पत्रात लिहिता येणार नाही.) पप्पांनी ड्यूटीच्या मालगाडीवरून येताना तिला बघितलं आणि घरी आल्यावर बूट काढायच्या आधी मला सांगितलं. मग आमच्या प्राण्यांच्या ग्रुपमधले आम्ही चौघं पक्कड घेऊन गेलो. आबा, बरगड्या दिसतात म्हणतात ना, तसं नाही. बरगड्याच आहेत, त्यात कुत्री कुठंय ते शोधावं लागतं. मी तिचं नाव ब्राऊनी ठेवलं होतं. आईनं एकदाच बघितलं आणि म्हणाली, कसली ब्राऊनी, नुसती काडी आहे. झालं, तेव्हापासून सगळी कॉलनी काडी म्हणते.

आमच्या ग्रुपमध्ये याला फॉस्टर म्हणतात. म्हणजे कुत्रीला काही दिवस घरी ठेवायचं, वजन वाढवायचं, माणसांची भीती घालवायची, नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यायचं आणि मग तिच्यासाठी कायमचं चांगलं घर शोधायचं. मी हे पहिल्यांदाच करतेय आणि मला जाम भारी वाटतंय. डॉक्टरांनी बजावलंय की इतक्या उपाशी पोटाला एकदम भरपूर घातलं तर उलटं बाधतं, थोडं थोडं द्यायचं. मऊ भात, उकडलेलं अंडं, लाल भोपळा. मी सगळा चार्ट करून फ्रिजवर लावलाय, त्यासाठी आईचा दुधाचा हिशोब खाली काढला, त्यावरून वेगळी बोलणी खाल्ली.

पण आबा, ती खातच नाही. आजारी नाही, डॉक्टरांनी सगळं तपासलं. वाटी ठेवली की वास घेते, आणि मग भिंतीकडं तोंड करून बसते. जसं काही ते जेवण दुसऱ्याच कुणाचं आहे. रोज सलाईन देऊन आणतोय. डॉक्टर म्हणाले, सलाईनवर फार दिवस निघायचे नाहीत, तिनं स्वतः खाल्लं तरच जगेल. कॉलेजात बसते पण डोक्यात तेच. तुमच्या मळ्यात आजवर एवढी कुत्री झाली, एखादी अशी रुसली तर तुम्ही काय करायचात?

आजीला नमस्कार. तुमचा माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा काडीकडं वळवा.

तुमची
सायली


कारेगाव, ता. शिरूर
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सायलीस आबाचे अनेक आशीर्वाद, आन् उरलेले त्या काडीला.

पत्र पोचलं. पोस्टमन इचारत होता, आबा कोर्टाचं काय झंगाट हाय का, हातानं पत्ता लिवलेलं पाकीट आता कोण धाडतंय. म्हणलं नातीचं हाय, इंग्रजी शाळेतली हाय, तरी मराठी लिवती. तो बघतच राहिला.

ते फॉस्टर काय असतंय ते तुझ्या आजीला वाचून दाखवलं. तिनं लगेच सोपं करून टाकलं. म्हणली, म्हंजी माहेरपणाला आलेली लेक. खाऊ घालायचं, अंगावर जरा मांस चढवायचं आन् डोळं पुसत सासरी धाडायचं. एवढ्यासाठी इंग्रजी शब्द कशाला लागतोय, असं तिचं म्हणणं हाय. वर असंबी म्हणली की लेकीचं नाव काडी ठिवल्यावर ती जाड कशी व्हणार. आपल्या म्हशीचं नाव बघ, हत्तीण. नावाला जागली का न्हाई?

आता कामाचं सांगतो. स्टीलची वाटी काढून टाक. त्यात तिचं तिलाच तोंड दिसत असंल, जनावर बिचकतंय. मातीची थाळी घे. आपल्यात तव्यावरची शेवटली भाकरी कुत्र्याची असती, ती गार करून दुधात कुस्कर आन् ठिवून लांब जाऊन बस. बघत राहू नगंस. कुणी टक लावून बघितलं की माणसाच्याबी घशाखाली घास उतरत न्हाई. तुझ्या पप्पांना इचार, लग्नाच्या पंगतीत सगळा गाव त्यांच्या ताटाकडं बघत होता, तवा त्यांनी एक जिलबी किती येळ चघळली ती.

तुझी आई परत परत निरोप धाडती की कानाचं मशीन घाला, म्हंजी फोनवर ऐकाया यील. मशीन चांगलं हाय. डब्यात हाय. तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलंय, जपून ठिवलंय. कानात घातलं की ताटं, कोंबड्या, पाण्याची मोटर आन् तुझी आजी, समदं एकाच मापानं डोक्यात शिरतंय. आन् कानात सारताना ते शिट्टी मारतंय म्हणं. मला ती शिट्टी ऐकू येत न्हाई, पण तुझी आजी गॅसवर कुकर राहिला का म्हणून आत पळती. म्हातारपणी तिला कशाला पळवायची? तवा ते डब्यातच बरं.

काडीनं खाल्लं की कळव. न्हाई खाल्लं तरी कळव.

तुझा
आबा


रेल्वे कॉलनी, दौंड
६ डिसेंबर २०२४

ती. आबा आणि आजी,

दोघांना नमस्कार, आणि आज नमस्कारासोबत पेढे पण समजा, कारण काडी जेवली!

पण तुमच्या थाळीनं नाही हं. मातीची थाळी आणली, भाकरी कुस्करली, मी बाथरूमचं दार लोटून आत जाऊन बसले. काही नाही. ती आपली भिंतीकडं. मी रडकुंडीला आलेले. आईनं तर माझ्यासमोरच ग्रुपच्या ताईला फोन लावला की आमच्याच्यानं हे होत नाही, दुसरं कुणी बघा. तेवढ्यात मागच्या लाईनीवर मालगाडी आली आणि ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. आबा, काडी उठली. उभी राहिली, शेपूट एकदाच हलवली, थाळीपाशी गेली आणि थाळी चाटून अशी साफ केली की आई म्हणाली, आता ही घासायला नको.

मग पप्पा तिच्यापाशी जाऊन बसले. त्यांना कोडं सुटलं होतं. आउटरला हॉर्न देऊन गाडी थांबली की ड्रायव्हर आणि गार्ड लोक डब्यातलं उरलेलं टपरीच्या बाजूला टाकतात. पप्पांनी पण कितीदा टाकलंय, कोण खातंय हे न बघता. मालक गेल्यावर ती तेवढ्यावरच जगली. म्हणून तिच्या डोक्यात पक्कं बसलंय की आधी हॉर्न, मग जेवण. हॉर्नशिवाय आलेलं जेवण म्हणजे आपलं नाहीच, त्याला तोंड लावायचं नाही. इतके दिवस हॉर्न व्हायचे, पण ती भिंतीकडं वळली की मी वाटी लगेच उचलायचे, त्यामुळं हॉर्न आणि जेवण एकत्र आलंच नव्हतं. पप्पा म्हणाले, अगं ही तर आमची रनिंग स्टाफ, गाडीवरच्या ड्यूटीवाली निघाली. त्या दिवसापासून ते ड्यूटीवरून आले की आधी तिची चौकशी करतात, मग माझी.

आता फ्रिजवर डॉक्टरांचा चार्ट आहे आणि त्याच्या शेजारी गाड्यांचा टाइम. दौंडमध्ये हॉर्नला काय तोटा! उलट आवरावं लागतं, प्रत्येक हॉर्नला ती थाळीपाशी हजर. वजन चढायला लागलंय. डॉक्टरांनी पाठ थोपटली. तिची, माझी नाही.

आता खरं काम. (आजी, प्लीज पत्र खाली ठेवू नका.) जानेवारीपासून माझं कॉलेजचं ट्रेनिंग आहे, सणसवाडीच्या एका कंपनीत. तिकडंच सारिका म्हणून मैत्रीण आहे तिच्याबरोबर रूम घेतोय, रूममालकाला कुत्रं चालत नाही. आईच्या हॉस्पिटलच्या ड्यूट्या तुम्हाला माहीत आहेत, पप्पा तर घरी पाहुण्यासारखे येतात. ट्रेनिंग संपेपर्यंत काडीला तुमच्याकडं ठेवाल का? मळ्यात ऊन आहे, मोकळी जागा आहे, आणि आजीचा चुलीवरचा भात आहे. ती कोंबड्यांकडं ढुंकूनही बघणार नाही. बहुतेक.

पप्पा पिकअपमधून आणून सोडतील. सोबत थाळी, पट्टा, पांघरूण, जंताचं औषध, डॉक्टरांचा नंबर आणि काय कसं किती द्यायचं ते सगळं लिहून देतेय. मी खूप विचार करून भरलंय, काही म्हणजे काही विसरलेले नाही.

तुमचा लोभ एवढा वाढवा की त्यात एक कुत्री मावेल.

तुमची
सायली


कारेगाव
४ जानेवारी २०२५

चि. सायलीस आशीर्वाद.

अगं रेल्वेवाल्याच्या लेकी, थाळी धाडलीस, पट्टा धाडलास, पांघरूण धाडलंस, पर गाडी धाडायची राहिली की!

काडी आली, सुखरूप उतरली. अंगणभर हिंडली. कोंबड्यांनी तिला टोचाया बघितलं, ती बैलगाडीखाली जाऊन बसली, तवा तुझ्या आजीची काळजी मिटली. मग जेवायची येळ झाली. आजीनं थाळी भरली आन् माझ्याकडं बघितलं. मी नातवाकडं, आपल्या विश्वजीतकडं बघितलं. तवा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला की इथं रूळ न्हाई, इंजिन न्हाई, हॉर्न आणायचा कुठनं? तुझे पप्पा एवढी वर्सं रेल्वेत, त्यांच्याबी ध्यानात आलं न्हाई. ते तर कवाच परत दौंडला पोचलं होतं.

आल्यापासनं तिच्या पोटात अन्न न्हाई. विश्वजीतनं मोबाईलवर गाडीचा हॉर्न लावला. तिनं कान टवकारलं, मोबाईलच्या मागं जाऊन बघून आली, तिथं गाडी न्हाई म्हणल्यावर जी बसली ती बसली. ट्रॅक्टरचा हॉर्न दिला, तो तिला आवडला न्हाई. शेजारच्या बबनरावांनी तर अंगणात उभं राहून तोंडानं गाडी काढली. एवढा मोठा माणूस, सोसायटीचा चेअरमन, गाल फुगवून कूऽऽऽ करतोय. आजी पदर तोंडात घालून आत पळाली. काडी उठली, आन् तीबी आत गेली.

हसण्यावारी नेतोय, पर तुला खोटं लिवणार न्हाई. बरगड्या परत वर आल्यात. जनावराचं डॉक्टर येऊन सलाईन लावून गेलं. तेबी तेच म्हणालं, किती दिस अशी ओढायची. तू घाबरशील म्हणून विश्वजीतला फोटू काढू दिला न्हाई. त्याला शिव्या देऊ नगंस, मीच दम दिलाय.

तुझी आजी, जिला दारात कुत्रं नको होतं, ती उंबऱ्यावर थाळी मांडीवर घिऊन बसून राहती. शेवंती तोडायची राहिली तरी उठत न्हाई.

तुला काय सुचतंय का बघ.

आबा


सणसवाडी
६ जानेवारी २०२५

ती. आबा,

आज नमस्कार उभ्या उभ्या, बसवत नाहीये.

चूक माझीच आहे. मी रुळांच्या कडेला वाढले. झोपेत पण हॉर्न कानावर असतो. मला वाटलं, तो सगळीकडं असतोच, हवेसारखा. इथं रूमवर पहिल्या दिवशी झोप लागली नाही आणि का लागत नाहीये तेच कळेना. तरी तुमचं पत्र येईपर्यंत काडीचं डोक्यात आलं नाही. स्वतःला किती हुशार समजत होते.

मी ठरवलंय. रविवारपर्यंत ती जेवली नाही तर मी ट्रेनिंग सोडून येते आणि तिला दौंडला घेऊन जाते. सारिका म्हणते, वेडी झालीस का, एका कुत्रीपायी वर्ष वाया घालवशील. मला पण माहितीये ते. पण तिची वायर मी तोडलीय आबा. तिला परत एकदा कुणीतरी खांबाला बांधून गेलं असं व्हायला नको.

पत्र इथं कामाला येणाऱ्या विश्वजीतदादाच्या हाती देतेय. तो काडीबद्दल विचारलं की फक्त ठीके म्हणतो आणि चहा पीत दुसरीकडं बघतो. आता कळलं का ते.

आजीला म्हणावं, शेवंती तोडा. मी येतेय.

सायली


कारेगाव
११ जानेवारी २०२५

चि. सायलीस आन् तिच्या शहाण्या मैतरणीस, दोघींस आशीर्वाद.

येऊ नगंस. ट्रेनिंग कर. काडी जेवली, आन् रोज जेवती.

विश्वजीतनं तुला फोनवर ती जेवली एवढं सांगितलं असंलच, त्याच्याकडनं त्यापेक्षा जास्त शब्द निघायचं न्हाईत, म्हणून इस्कटून लिवतो. मोठ्या रस्त्याचं काम काढलंय, म्हणून सणसवाडीच्या एका कंपनीची बस आता आपल्या वस्तीवरनं वळवलीय. ती पहिल्या दिवशी आली. पप्पू म्हणून ड्रायव्हर हाय, त्यानं बसला कुठल्यातरी जुन्या ट्रकचा हॉर्न बसवलाय. पोरं येळेवर बाहेर पडत न्हाईत म्हणून पाण्याच्या टाकीपासनंच तो हॉर्न दाबून धरतो. तुझी आजी म्हणती, विहिरीतलं पाणी हालतंय. मला काय ऐकू आलं न्हाई. मला एवढंच दिसलं की काडी बैलगाडीखालनं निघाली, शेपूट एकदा हालवली आन् आजीच्या मांडीवरच्या थाळीत तोंड घातलं. आजी तिच्या पाठीवरनं हात फिरवत रडत होती, आन् वर मलाच म्हणत होती, बघताय काय, अजून भात आणा.

आता बस सकाळी माणसं घिऊन जाती आन् दुपारी आणून सोडती, तशी काडीबी शिफ्टला लागलीय. विश्वजीत म्हणतो, कंपनीत तिच्या हजेरीचा पंच लावायला पायजे.

पर त्यात एक अडचण निघाली. सकाळी बसच्या टायमाला आजी शेवंतीत असती, घरात मी एकटा. थाळी आधी ठिवून चालत न्हाई, कोंबड्या फस्त करत्यात. हॉर्न झाला की ठिवायची. आन् हॉर्न तर मला ऐकू येत न्हाई! एक दिस तसाच चुकला. आजी शेतातनं ओरडत होती म्हणं. मी आपला ओट्यावर पेपर वाचत बसलेलो. काडी येऊन समोर उभी राहिली. रिकाम्या जागेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन् काय न बोलता परत गेली. काय न बोलता म्हंजी, तशी ती बोलत न्हाईच, पर त्या दिवशी लई बोलून गेली.

तवा ते मशीन काढलं डब्यातनं. विश्वजीतनं नवा सेल घातला. आता रोज दोन्ही बशींच्या टायमाला घालतो आन् हॉर्नची वाट बघत बसतो.

हॉर्न येतोय ऐकू. सोबत दुसरंबी येतंय. आपला पंखा केवढा कुरकुरतोय, तो बदलायला पायजे. तुझी आजी फुलं निवडताना गुणगुणती, आवाज अजून बरा हाय. आन् मधीमधी पुटपुटती. ते सगळं माझ्याबद्दलच असतंय, ते मला इतकी वर्सं ठाऊकच नव्हतं. तिलाबी अजून कळलं न्हाई की मला आता कळतंय. तू सांगू नगंस. चांगली करमणूक हाय.

थाळीसारखा आमचा लोभबी चाटून पुसून घे.

तुझा
आबा


सणसवाडी
२६ जानेवारी २०२५

ती. आबा,

बसून, हात जोडून, मनापासून नमस्कार.

शनिवारी दौंडला गेले तेव्हा तुमचं पत्र आईला दिलं. आईनं ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. वर्षभर आम्ही सगळे तुमच्या मागं लागलो होतो. पप्पांनी तर तुमच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर विनवलं होतं, आणि तुम्ही केक खात हसत होतात. पप्पा म्हणाले, आपण उगाच माणसांकडून प्रयत्न केले, डायरेक्ट काडीलाच पाठवायला हवं होतं. (आजीचं पुटपुटणं मी कुणाला सांगितलं नाही. फक्त आईला सांगितलं. आणि सारिकाला.)

आता एक बातमी, आणि ती आनंदाची बातमी आहे, तशीच वाचा.

काडीला घर मिळालंय. वाघोलीला अनुपमाताई आणि त्यांचे मिस्टर रविराज म्हणून आहेत, आमच्या ग्रुपवर त्यांनी तिचा फोटो बघितला. मी जाऊन घर बघून आले. सातवा मजला, लिफ्ट आहे, गॅलरीला जाळी लावलीय, तिच्यासाठी गादी पण आणून ठेवलीय. ताईंच्या लहानपणी घरी कुत्रा होता. त्यांना मी हॉर्नचं सगळं सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं. त्यांच्या खिडकीखालीच हायवे आहे, हॉर्नची काही कमी पडणार नाही. म्हणजे सगळं जमून आलंय. ग्रुपनं विचारलं, मी हो म्हणून टाकलं. पुढच्या रविवारी त्यांना घेऊन मळ्यात येते.

फॉस्टरचा हाच तर नियम आहे, चांगलं घर मिळालं की आपण मध्ये यायचं नाही. मी माझ्या मैत्रिणींना हे कितीदा भाषण देऊन सांगितलंय. आणि मला आनंदच झालाय आबा. खरंच झालाय. हे वाक्य मी दोनदा लिहिलं कारण पेन नीट चालत नव्हतं.

ती आता कशी दिसते? विश्वजीतदादाच्या फोटोत नुसती शेपूट येते.

तुमचा लोभ आहे तिथंच राहू द्या, मी येऊन घेऊन जाईन.

सायली


कारेगाव
३१ जानेवारी २०२५

चि. सायलीस आबाचे आन् आजीचे आशीर्वाद.

पत्र वाचलं. मोठ्यानं वाचलं, आजीला ऐकू जावं म्हणून. माझं मलाबी ऐकू आलं.

ती कशी दिसती इचारलंस. फुलं तोलायच्या काट्यावर ठिवून बघितली. भरल्या शेवंतीच्या क्रेटला भारी पडती आता. बरगड्या हात लावून शोधाव्या लागत्यात. अंगावर तांबूस केस आल्यात, उन्हात बसली की चकाकत्यात. डॉक्टर म्हणलं, ऑपरेशनला आता हरकत न्हाई. कोंबड्या तिच्या पाठीवर चढून बसत्यात, ती बसू देती. नाव बदलायला पायजे असं आजीचं म्हणणं, पर आता काडी म्हणलं तरच बघती.

आता ह्या हप्त्यात काय झालं ते ऐक. मोठ्या रस्त्याचं काम संपलं. बस परत तिकडनंच जाया लागली. पप्पूनं सांगितलंबी न्हाई, त्याला काय ठाऊक की इथं कोण त्याच्या हॉर्नवर जेवतंय. सकाळी मी थाळी भरून ओट्यावर बसलो, मशीन कानात घातलं आन् वाट बघत राहणार, तोवर काडी पुढ्यात हजर! शेपूट एकदा हालवली आन् माझ्याकडं बघाया लागली. बसचा पत्ता न्हाई. म्हणलं चुकून आली असंल. थाळी ठिवली. जेवली.

दुपारी तसंच. दुसऱ्या दिशीबी तसंच. मग आजीनं ओळखलं. म्हणली, तुमचा हात कानाकडं गेला की ते तुमचं कुकर शिट्टी मारतंय, आन् ती शिट्टी झाली की ही उठती. विश्वजीतनं परीक्षा घेतली. मशीन डब्यात ठिवून मी थाळी घिऊन बसलो, काडी गाडीखाली निवांत. मशीन कानात सारलं, मला काय आवाज न्हाई, पर ती पळत आली. आता हॉर्नचं तिला काय राहिलं न्हाई. परवा ट्रकवाला बांधापासनं हॉर्न दाबतच गेला, हिनं डोळाबी उघडला न्हाई.

तुझे पाव्हणे येऊ देत. माणसं चांगली हायत, तुझ्या लिवण्यावरनंच कळतंय. लेक माहेरपणाला आली म्हंजी सासरी धाडायचीच, हे आम्हीच तुला लिवलं होतं, शब्द फिरवणारी माणसं आम्ही न्हाई. आजीनं जुन्या लुगड्याची गोधडी शिवाया घेतलीय तिच्यासंगं द्यायला. पुरणाचंबी बोलत होती. कुणासाठी ते बोलली न्हाई, काडीला पुरण चालतंय का तेवढं डॉक्टरांना इचारून ये.

काल गोधडी शिवता शिवता आजी पुटपुटली की काडी गेल्यावर मशीन परत डब्यात जाणार का. मी ऐकू न आल्यागत केलं. मशीन कानातच होतं.

रविवारी सावकाश या. लोभ तुझ्यावर होता तेवढाच हाय, फक्त आता त्याला शेपूट फुटलंय.

तुझा
आबा

ता. क. मुद्द्याचं लिवायचं राहिलं. तिथं सातव्या मजल्यावर तिला जेवाया बोलवायचं कसं, याचा मी दोन दिस इचार करतोय, पर माझं डोकं काय चालंना. तू शिकलेली हायस, घर बघून आलीस, माणसं बघून आलीस, तवा तूच सांग: वाघोलीच्या त्या पाव्हण्यांत कुणाच्या कानाला मशीन हाय का, आन् नसंल तर तुला काय वाटतं?